ऑस्ट्रेलियन पुस्तकं: कुठून सुरुवात करायची आणि काय सोडलं तरी चालेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मेलबर्नला येऊन काही महिने झालेत, इथलं काहीतरी वाचायचं म्हणून सगळ्यात जास्त बक्षिसं मिळालेली कादंबरी उचललीत, अलेक्सिस राइटची 'प्रेझवर्दी', आणि शंभर पानांतच थकलात, तर आता इथली सगळी पुस्तकं अशीच असतात का, कादंबऱ्या वाचू की आत्मकथनं, आणि कुणाचं नाव उगाच मोठं झालंय तेही सांगा. मी इथे सार्वजनिक लायब्ररीत काम करते, बरीच वर्षं वाचनगट चालवतेय, त्यामुळे मतं भरपूर आहेत आणि ती आहेत तशीच लिहिते. पटली नाहीत तर खुशाल भांडा.

'प्रेझवर्दी'पासून कुणीच सुरुवात करू नये. पुस्तक मोठं आहे, सातशेच्या वर पानं, आणि खरंच मोठ्या योग्यतेचं आहे, पण तिथपर्यंत जायचा एक रस्ता आहे, तो पुढे सांगते.

आधी माझं एकूण मत सांगते म्हणजे बाकीचं त्या हिशोबाने वाचता येईल. इथला लेखक समोर जे दिसतंय ते सरळ, न घाबरता लिहितो तेव्हा जगात कुणाला ऐकत नाही. आणि तोच लेखक लाल माती, समुद्र, निलगिरीचा वास यांचं सुंदर सुंदर गद्य विणायला बसला की हमखास सैल पडतो, कारण त्या सौंदर्याच्या खाली एक प्रश्न असतो की ही जमीन कुणाची होती आणि ती कशी घेतली, आणि सुंदर गद्य तो प्रश्न झाकायला फार सोयीचं पडतं. गेल्या तीसेक वर्षांतली मला आवडलेली जवळजवळ सगळी पुस्तकं या ना त्या मार्गाने त्या प्रश्नाला भिडतात, नाहीतर माणसाच्या वागण्याकडे इतकं जवळून बघतात की सजावटीला जागाच उरत नाही. म्हणूनच मला इथली आत्मकथनं, डायऱ्या, कोर्टातल्या केसेसवरची पुस्तकं कादंबऱ्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात.

सुरुवात हेलन गार्नरपासून करा. १९४२चा जन्म, जीलाँगची, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभरावरचीच. पहिली कादंबरी 'मंकी ग्रिप' १९७७ची. फिट्झरॉय-कार्लटनमधली पोरांनी मिळून भाड्याने घेतलेली घरं, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या माणसात अडकलेली एकटी आई, सायकली, पोहण्याचा तलाव. तेव्हा काही समीक्षकांनी नाक मुरडलं की ही कुठली कादंबरी, बाईने स्वतःची डायरी छापलीय. गंमत म्हणजे पुढे तिने ते मान्यच केलं, की हो, डायरीतूनच केलंय, मग काय झालं. तिथेच तिची ताकद आहे. पण तुम्ही 'मंकी ग्रिप' आधी घेऊ नका, त्यात माणसं फार येतात-जातात आणि कोण कुणाचं कोण हे कळेपर्यंत अर्धं पुस्तक संपतं. आधी 'द स्पेअर रूम' घ्या, २००८ची, जेमतेम दोनशे पानं. कॅन्सर झालेली मैत्रीण व्हिटॅमिन सीच्या कसल्याशा भोंदू उपचारांसाठी मेलबर्नला येते, हेलन नावाच्याच निवेदिकेच्या घरी राहते, आणि मरणार आहे हे कबूलच करत नाही. रात्री चादरी बदलणारी, सकाळी त्या क्लिनिकला घेऊन जाणारी हेलन हळूहळू रागाने पेटत जाते. आजारी माणसाची सेवा करताना त्या माणसाचाच भयंकर राग येतो हे आपल्याकडे किती जणांनी इतकं उघड लिहिलंय? ज्यांनी घरात आजारपण काढलंय त्यांना प्रत्येक पान ओळखीचं वाटेल.

मग 'धिस हाउस ऑफ ग्रीफ', २०१४. २००५ सालच्या फादर्स डेला रॉबर्ट फर्कासन नावाच्या माणसाची गाडी विंचेल्सीजवळ रस्ता सोडून धरणाच्या पाण्यात गेली, त्याचे तीन मुलगे बुडाले, तो स्वतः पोहून बाहेर आला. बायको आधीच सोडून गेलेली. तो म्हणाला खोकल्याची उबळ आली आणि शुद्ध गेली. खटला चालला, शिक्षा झाली, अपील झालं, पुन्हा खटला, पुन्हा दोषी. गार्नर ही सगळी वर्षं कोर्टात जाऊन बसली. पुस्तकात ती गुन्ह्याचं रहस्य उलगडत नाही, ती बघते. ज्युरीतल्या बाईचा चेहरा, वकिलाचा थकवा, मधल्या सुट्टीत कॉफीच्या रांगेत उभी असलेली माणसं, आणि स्वतःच्या मनाचं सतत इकडून तिकडे होणं, की नाही, बाप असं करूच शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी, केलंय याने. टीव्हीवर आणि पॉडकास्टवर गुन्ह्यांच्या गोष्टींचा जो पूर आलाय ना, त्यातलं काहीही हे पुस्तक वाचल्यावर मला ऐकवत नाही, कारण तिथे बळी गेलेली माणसं फक्त कथानक पुढे सरकवायला असतात आणि इथे ती तीन मुलं एका पानावरही विसरली जात नाहीत.

आणि डायऱ्या. तीन खंड २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये आले, नंतर एकत्र खंडही निघाला, त्याला २०२५चं बेली गिफर्ड, म्हणजे ब्रिटनमधलं ललितेतर पुस्तकांचं मोठं बक्षीस, मिळालं. तिसऱ्या खंडात तिचं एका लेखकाशी झालेलं लग्न मोडत जातं, डायरीत त्याला ती नुसतं 'व्ही' म्हणते. तो दिवसभर घरात कादंबरी लिहिणार म्हणून हिने कामासाठी दुसरीकडे खोली शोधायची, ही व्यवस्था वाचताना मराठी वाचकाला 'आहे मनोहर तरी' आठवल्याशिवाय राहत नाही, मला तर पानोपानी आठवलं. फरक एवढाच की सुनीताबाई आयुष्य बरंचसं जगून झाल्यावर मागे वळून हिशोब मांडतात आणि गार्नर त्या त्या रात्री लिहीत होती, तिला पुढे काय होणार हे माहीतच नव्हतं. आपल्याला दहा पानं आधी कळतं की याचं बाहेर काहीतरी चालू आहे, आणि ती अजून स्वतःची समजूत घालत असते. कादंबरीकाराला हे घडवायला जन्म जातो.

गार्नरबद्दल माझी एक तक्रार आहेच, ती लपवत नाही. 'द फर्स्ट स्टोन', १९९५. मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या एका कॉलेजातल्या दोन विद्यार्थिनींनी प्रमुखाविरुद्ध छेडछाडीची तक्रार केली, गार्नरला वाटलं की पोलिसात जायची काय गरज होती, तिने त्या प्रमुखाला सहानुभूतीचं पत्र लिहिलं आणि मग पुस्तकच लिहायला घेतलं. त्या मुली तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि का बोलाव्यात? त्यामुळे पुस्तकाचा अर्धा भाग रिकामाच आहे आणि ती जागा ती स्वतःच्या चिडचिडीने भरते. वाचा, पण शेवटी, आणि भांडत वाचा. आमच्या गटात या पुस्तकावर जितकी जोरात चर्चा होते तितकी दुसऱ्या कशावर होत नाही.

आता रिचर्ड फ्लॅनागन. बुकर मिळालेली 'द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ' सगळे सुचवतील, २०१३ची, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवरची. लेखकाचे वडील स्वतः तिथले कैदी होते. रेल्वेच्या छावणीची प्रकरणं खरोखर हादरवतात, चिखल, कॉलरा, सडलेला पाय कापायचं ते ऑपरेशन. पण नायक असलेल्या डॉक्टरची काकूबरोबरची जी प्रेमकथा आहे ना, ती मला कधीच पटली नाही. सगळी वाक्यं फुगलेली, बाई म्हणजे नुसता प्रकाश आणि सुगंध. त्यापेक्षा दहा वर्षांनी, २०२३ मध्ये आलेलं 'क्वेश्चन ७' कितीतरी सरस आहे, आणि ते धड कादंबरीही नाही, आत्मकथनही नाही. सुरुवात या विचारापासून की हिरोशिमावर बॉम्ब पडला नसता तर जपानमधल्या कोळशाच्या खाणीत गुलामासारखे राबणारे माझे वडील मेले असते आणि मी जन्मलोच नसतो. म्हणजे लाखभर माणसांच्या मरणाला मी माझं आयुष्य देणं लागतो का? तिथून तो एच. जी. वेल्सकडे जातो, अणुबॉम्बच्या कल्पनेमागच्या लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाकडे जातो, आणि टास्मानियाकडे येतो, कारण वेल्सच्या मंगळवासीयांच्या आक्रमणाच्या गोष्टीमागे टास्मानियातल्या मूळ लोकांचा इंग्रजांनी केलेला संहार होता. शेवटी स्वतः एकविसाव्या वर्षी फ्रँकलिन नदीत कायाकसकट अडकून मरता मरता वाचला ते येतं. हाच अनुभव त्याने १९९४च्या पहिल्या कादंबरीत वापरला होता, तिथे तो अलंकारासारखा वाटतो, इथे थंड पाणी नाकातोंडात जातं. या पुस्तकाला २०२४चं बेली गिफर्ड मिळालं, आणि प्रायोजक कंपनी तेल-कोळशातली गुंतवणूक कमी करण्याचा आराखडा देत नाही तोवर पन्नास हजार पौंड घेणार नाही असं त्याने जाहीर केलं. मला तो नकार त्या पुस्तकाचाच भाग वाटतो.

टिम विंटन. इथे मी थोडी शिव्या खाणार, कारण पर्थकडच्या लोकांसाठी तो घरचा माणूस आहे. माइल्स फ्रँकलिन हे इथलं कादंबरीचं सगळ्यात मानाचं बक्षीस चार वेळा मिळवलेला लेखक. 'क्लाउडस्ट्रीट' १९९१ची, दोन कुटुंबं एका मोठ्या पडक्या घरात वीस वर्षं राहतात, देशातली बहुतेक सगळ्यात लाडकी कादंबरी. संवाद त्याच्यासारखा कुणी लिहीत नाही हे खरं. पण त्या घरात आधी आदिवासी मुलींना डांबून 'सुसंस्कृत' करायचा प्रयोग झाला होता आणि त्यातली एक तिथेच मेली, हे कादंबरी सांगते, भुतं दाखवते, आणि शेवटी दोन गोऱ्या कुटुंबांच्या मीलनाने भुतं शांत होतात. मला हे फार स्वस्तात मिटवलेलं वाटतं. त्याची 'ब्रेथ' वाचा, २००८, छोटी, लाटांवर जीव धोक्यात घालणारी दोन पोरं आणि त्यांना नादी लावणारा मोठा माणूस, त्यात एक वाक्य जास्तीचं नाही. २०२४ची 'जूस' हवामान कोसळल्यानंतरच्या जगाची, हेतू प्रामाणिक, राग खरा, पण पाचशेच्या आसपास पानं एकच माणूस बोलत राहतो आणि मी शेवटी शेवटी ओढत नेली.

त्याच्या मागून आलेल्या पिढीत हे निसर्गगद्य फार बोकाळलंय, माणसं गप्प आणि वारा बोलतोय अशा कादंबऱ्या दर महिन्याला टेबलावर येतात. त्यातून एकच आवर्जून काढून देते, रॉबी आर्नटची 'लिंबरलॉस्ट', २०२२. टास्मानियातला मुलगा, भाऊ युद्धावर, हा ससे पकडून कातडी विकून पैसे जमवतो, होडी घ्यायची म्हणून. तिथे निसर्ग सुंदर आहेच, पण त्या मुलाला तो पोटापाण्यासाठी मारावाही लागतो, म्हणून वर्णनाला वजन येतं.

आता मुख्य गोष्ट. १९९२ साली माबो खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा मान्य केलं की इंग्रज आले तेव्हा ही जमीन बेवारस नव्हती. साहित्यावर त्या निकालाचं सावट मला सगळीकडे दिसतं. आदिवासी लेखकांना, इथे फर्स्ट नेशन्स म्हणतात, कुणी 'विविधता' म्हणून एका कोपऱ्यात ठेवतं तेव्हा मला राग येतो, कारण आज या देशातली सगळ्यात धाडसी, आणि हो, सगळ्यात हसवणारी कादंबरी तेच लिहितायत. मेलिसा लुकाशेंकोची 'टू मच लिप' घ्या, २०१८ची, दुसऱ्या वर्षी माइल्स फ्रँकलिन. केरी नावाची बाई चोरीच्या हार्ले मोटरसायकलवरून गावी येते, आजोबा मरणाच्या दारात, आई पत्ते मांडून भविष्य सांगते, भाऊ दारूडा, आणि गावचा महापौर यांच्या नदीकाठच्या जागेवर तुरुंग बांधायला निघालाय. कावळे टोमणे मारतात. मी ट्रेनमध्ये मोठ्याने हसलेय. आणि मग घरातल्या मारझोडीचं, पिढ्यान्‌पिढ्या आत साचलेल्या गोष्टींचं जे बाहेर येतं ते इतकं निर्दय आहे की आपल्याच समाजातल्या वाईट गोष्टी बाहेरच्यांसमोर मांडायला काय धैर्य लागतं ते कळतं. दलित आत्मकथनं वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हा पेच नवा नाही, 'बलुतं' १९७८ला आलं तेव्हा घरच्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडली ही तक्रार आपल्याकडेही झालीच होती.

पुढची तारा जून विंचची 'द यील्ड', २०१९. म्हातारा आल्बर्ट मरायच्या आधी आपल्या विराजुरी भाषेचा शब्दकोश लिहितोय, एकेका शब्दाखाली आयुष्यातला एकेक प्रसंग, आणि त्याची नात परदेशातून अंत्यविधीला येते तर गावाची जागा खाणीला द्यायचं ठरलेलं. आल्बर्टची प्रकरणं मी पुन्हापुन्हा वाचते. मधली मिशनऱ्याची पत्रं मात्र कंटाळवाणी आहेत, भराभर वाचलीत तरी काही बिघडत नाही. किम स्कॉटची 'दॅट डेडमन डान्स'ही याच वाटेवर वाचा, गोरे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातले मूळचे नुंगार लोक सुरुवातीला एकमेकांना हात देत होते तो थोडा काळ आणि तो कसा संपला, एवढीच गोष्ट, पण विंटनचं 'सगळं मिटलं' याच्या शेजारी ठेवून बघा.

यानंतर अलेक्सिस राइट, पण आधी 'ट्रॅकर', २०१७. ट्रॅकर टिलमथ हा उत्तरेकडचा आदिवासी नेता, लहानपणी सरकारने घरातून उचलून क्रोकर बेटावरच्या मिशनमध्ये नेऊन ठेवलेला. राइटने एकटीने चरित्र लिहिलंच नाही, त्याला ओळखणाऱ्या असंख्य माणसांना बोलू दिलं, ती एकमेकांना खोडतात, तीच गोष्ट दोघं वेगवेगळी सांगतात. पाच-पन्नास पानांत तुम्हाला तिचा सूर कळेल, की इथे कथा एका रांगेत चालत नाही, सगळे एकदम बोलतात. मग 'कार्पेंटेरिया', २००६, मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेली, जिरामाँडो या छोट्या प्रकाशनाने काढली आणि माइल्स फ्रँकलिन घेऊन गेली. आणि मग 'प्रेझवर्दी'. गावावर न हटणारं धुकं, रानटी गाढवं गोळा करून पेट्रोलशिवायची वाहतूक कंपनी काढायला निघालेला बाप, 'ॲबोरिजिनल सॉव्हरिन्टी' हेच ज्याचं नाव आहे तो मोठा मुलगा जीव द्यायला निघालाय, आणि धाकट्याला रेडिओवरून सतत ऐकवलंय की तुमच्या वस्तीतले सगळे पुरुष मुलांवर अत्याचार करतात, म्हणून त्याला कुणा गोऱ्या मंत्रिणीने दत्तक घ्यावं असं वाटतं. मागे २००७ सालचा खरा सरकारी हस्तक्षेप आहे, नॉर्दर्न टेरिटरीत सैन्य पाठवून वस्त्या ताब्यात घेतल्या होत्या तो. हे माहीत असलं की पुनरुक्ती त्रास देत नाही, कारण तेच तेच वर्षानुवर्षं ऐकवलं जाणं हाच विषय आहे. घाई नको, रोज थोडी, शक्यतो मोठ्याने वाचून.

या सगळ्याची आत्मकथनातली आधीची पायरी म्हणजे सॅली मॉर्गनचं 'माय प्लेस', १९८७. पर्थमधली मुलगी, शाळेत विचारतात तुम्ही कुठले, तर आई सांगते की सांग आम्ही इंडियन आहोत. वर्षानुवर्षं तेच खरं धरून ती वाढते, मग हळूहळू कळतं की आजी आदिवासी आहे आणि मुलं उचलून नेतील या भीतीने घरात सगळे गप्प आहेत. भाषा साधी आहे, पण ते 'इंडियन' आपल्याला जसं लागतं तसं इथल्या वाचकाला लागत नाही.

स्थलांतरितांचं लेखन तुम्ही विचारलं नव्हतं पण विचारायला हवं होतं. मिशेल डी क्रेत्सर कोलंबोची, चौदाव्या वर्षी इथे आली. तिची २०२४ची 'थिअरी अँड प्रॅक्टिस' मला गेल्या काही वर्षांतली इथली सगळ्यात हुशार कादंबरी वाटते. एक कादंबरी सुरू होते, काही पानांत लेखिका ती थांबवते, की मला हे असं लिहायचंच नाही, आणि मग १९८६च्या मेलबर्नमधल्या सेंट किल्डातली एक विद्यार्थिनी येते, व्हर्जिनिया वुल्फवर प्रबंध लिहिणारी, जिला वुल्फच्या डायरीत सिलोनच्या ई. डब्ल्यू. परेरा या नेत्याबद्दल किळसवाणा मजकूर सापडतो. ज्या लेखिकेला आई मानलं तिने आपल्यासारख्याला असं बघितलं, आता तिचा फोटो भिंतीवर ठेवायचा की काढायचा? इंग्रजी साहित्य शिकलेल्या आपल्या कितीतरी जणींची ही गोष्ट आहे. शंकरी चंद्रनची 'चाय टाइम ॲट सिनॅमन गार्डन्स' सिडनीतल्या तमिळ वृद्धाश्रमाची, तिला २०२३चं माइल्स फ्रँकलिन मिळालं, श्रीलंकेतल्या युद्धाचा भाग जळजळीत आहे पण इथला वंशवाद ती पात्रांच्या तोंडून समजावून सांगत बसते, भाषणं होतात. अरविंद अडिगाची 'ॲम्नेस्टी' जास्त धारदार, कागदपत्रं नसलेला तमिळ सफाई कामगार, सिडनी, एकच दिवस, एका खुनाची माहिती पोलिसांना दिली तर स्वतःच पकडला जाणार. अडिगा स्वतः काही वर्षं सिडनीत शाळेत होता, त्यामुळे उपनगरांची नावं नुसती पेरलेली नाहीत.

आणि बेहरूझ बूचानी. कुर्दी पत्रकार, बोटीने येताना पकडला, पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावरच्या ऑस्ट्रेलियाच्या छावणीत वर्षानुवर्षं ठेवला, तिथून फोनवर फारसीत मेसेज टाइप करत करत 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' लिहिलं, ओमिद तोफिघियानने इंग्रजीत आणलं. २०१९च्या सुरुवातीला व्हिक्टोरिया राज्याचं सगळ्यात मोठं साहित्य बक्षीस या पुस्तकाला मिळालं आणि लेखकाला देशात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. इथल्या छान छान बागा आणि समुद्रकिनारे बघून झाले की हे वाचाच.

रहस्यकथांचं पटकन सांगते. जेन हार्परची 'द ड्राय' चांगली, पण तिच्यानंतर दुष्काळी गाव, जुनं गुपित, परत आलेला पोलिस हा साचाच झालाय. गॅरी डिशरचा हिर्श हा एकटा पोलिस जास्त खरा वाटतो, कारण त्याचा बहुतेक दिवस मेंढ्या, शेजाऱ्यांची भांडणं आणि एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस यातच जातो. पीटर टेंपलची 'ट्रूथ' सगळ्यांच्या वर, संवाद इतके तुटक की दोनदा वाचावे लागतात आणि वाचावेत. ट्रेंट डाल्टनची 'बॉय स्वॉलोज युनिव्हर्स' तुमच्या ऑफिसात कुणीतरी नक्की देईल, पहिला अर्धा भाग जिवंत आहे कारण ब्रिस्बेनमधलं ते बालपण त्याचं स्वतःचं आहे, शेवट मात्र पिक्चरचा, सगळे धागे जुळतात, सगळे रडतात. नाव उगाच मोठं झालंय का विचाराल तर याचंच झालंय.

पुस्तकं विकत घेऊ नका, नवं पुस्तक पस्तीस डॉलरच्या आसपास पडतं, लायब्ररीचं कार्ड फुकट आहे आणि नाही मिळालं तर रिझर्व्ह करा, आम्ही दुसऱ्या शाखेतून मागवतो. बॉरोबॉक्स या लायब्ररीच्या ॲपवर फोनवर ऐकायलाही बरंच काही मिळतं. आणि छोट्या आत्मकथनांतलं एक राहिलं, कोरी टेलरचं 'डायिंग', २०१६. कॅन्सरने मरत असताना काही आठवड्यांत लिहिलेलं, दीडशेच्या आसपास पानं, देवधर्माचा आधार नाही, कुणाला धीर द्यायचा आव नाही, मरण्याचे कायदे काय असावेत, आईबापांचं भांडण, कुठली जागा आपली मानायची, एवढंच. गार्नर आवडली तर पुढचं हेच घ्या, फक्त सध्या घरात कुणाचं आजारपण चालू असेल तर थोडं पुढे ढकला.